पंक्चर, आऱ्यांच्या चाकावरील मोटारसायकल टायरचे

तारेचे आरे असलेल्या चाकावरील टायरच्या ट्यूबला छिद्र पडून तिच्यातील हवा निघून जाणे म्हणजे पंक्चर होय. ओतीव चाकावरील ट्यूबरहित टायरला खिळा लागला, तर बाहेरूनच रबरी दोरी खुपसून छिद्र बुजविता येते. आऱ्यांच्या चाकाच्या बाबतीत मात्र टायर सोडवून ट्यूब बाहेर काढावी लागते. हा फरक चाकाच्या रचनेमुळे पडतो.

रचना : या चाकात तुंब्यापासून रिमपर्यंत बहुधा ३६ किंवा ४० पोलादी तारा ताणून बसविलेल्या असतात. प्रत्येक तारेचे टोक रिमच्या छिद्राशी आटे असलेल्या निपलने आवळलेले असते. इतक्या छिद्रांमुळे रिम हवाबंद राहत नाही. म्हणून हवा कोंडून ठेवण्यासाठी स्वतंत्र ट्यूब वापरतात. निपलांची टोके ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमच्या खोबणीत रबरी पट्टी घालतात. टायरच्या दोन्ही कडांत न ताणली जाणारी पोलादी तारेची कडी असते. हवेच्या दाबाने या कडा रिमच्या खांद्यांवर घट्ट बसतात. रिमचा मध्यभाग खांद्यांहून खोल असतो व टायर काढण्याघालण्याची सर्व युक्ती या खोलगट भागावर अवलंबून असते.

इतिहास : रबराच्या व्हल्कनीकरणाचे एकस्व चार्ल्‌स गुडइयर यांनी १८४४ मध्ये अमेरिकेत मिळविले. हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. परंतु त्याचा प्रसार झाला नाही. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये तशाच टायरचे एकस्व घेतल्यावर तो सायकलीवर रूढ झाला. १९७० नंतरच्या दशकात मोटारसायकलींवर ओतीव चाके व ट्यूबरहित टायर येऊ लागले. रिमच्या बाहेरील कडेला आरे जोडून तारेच्या चाकावरही ट्यूबरहित टायर बसविण्याची रचना बीएमडब्ल्यू कंपनीने १९८७ मध्ये प्रचारात आणली. तथापि साधी आऱ्यांची चाके खडबडीत रस्त्यांचे धक्के लवचिकपणे सोसतात, म्हणून त्यांचा वापर टिकून आहे. भारतात १९५५ पासून मद्रास (आता चेन्नई) येथे तयार होऊ लागलेली बुलेट ही अशा चाकांची सर्वपरिचित मोटारसायकल होय.

धोका : ट्यूब ताणलेल्या स्थितीत असल्याने छिद्र फाटत जाऊ शकते आणि निसटलेली हवा आऱ्यांच्या व झडपेच्या छिद्रांतून झपाट्याने बाहेर पडते. हवा गेल्यावर टायरची कड खांद्यावरून खोलगट भागात घसरते व गाडी डोलू लागते. अशा वेळी हँडल घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा व ब्रेक लावणे भाग पडल्यास तो चांगल्या चाकाचा हलकेच लावावा. पुढील चाकाचे पंक्चर अधिक धोक्याचे असते, कारण गाडीची दिशा त्यावर अवलंबून असते. हवा गेलेल्या चाकावर गाडी तशीच चालविल्यास टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते व झडप मुळापासून तुटते. मग ट्यूब दुरुस्त होण्याजोगी राहत नाही.

टायर सोडविणे : गाडी कठीण, सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करतात. मागील चाक काढण्यापूर्वी साखळीच्या ताणाच्या खुणा लक्षात ठेवतात. टायर फिरवून पाहता खिळा आढळल्यास त्या जागी खूण करतात. झडपेची सुई काढून उरलेली हवा सोडतात व पायाने दाबून दोन्ही कडा खांद्यांवरून सुट्या करतात. यानंतर झडपेच्या समोरच्या बाजूची कड खोलगट भागात दाबून धरली की झडपेजवळ तेवढीच ढिलाई मिळते व तेथे पट्ट्या घालून कड थोडीथोडी बाहेर काढता येते. कड ताणली जात नसल्यामुळे ती केवळ जोराने निघत नाही. जोर लावावा लागत असेल, तर समोरची कड खोबणीतून वर आली आहे असे समजावे. एका बाजूची कड निघाल्यावर ट्यूब बाहेर ओढतात.

कारणशोध : ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवितात व बुडबुड्यांवरून छिद्र शोधतात. छिद्राचे झडपेपासूनचे अंतर टायरवर मोजल्यास कारण सापडते. छिद्र बाहेरच्या अंगास असेल, तर टायरमध्ये खिळा, काटा वा काच असते. आतल्या अंगास असेल, तर रबरी पट्टी सरकलेली असते किंवा एखाद्या आऱ्याचे टोक निपलबाहेर आलेले असते. असे टोक कानशीने घासून काढतात. शेजारी शेजारी दोन छिद्रे असल्यास कमी हवेमुळे ट्यूब रिम व टायर यांच्यात चिमटली असा अर्थ होतो. कारण दूर न करता लावलेले ठिगळ निष्फळ ठरते. यास्तव टायरची आतील बाजू जाड फडक्याने पुसून तपासतात.

ठिगळ लावणे : छिद्राभोवतीची जागा काचकागदाने घासून खरखरीत व स्वच्छ करतात. तीवर रबरी द्रावणाचा पातळ थर देतात आणि त्यातील विद्रावक उडून जाऊन थर चिकटसर होईपर्यंत थांबतात. ओल्या थरावर लावलेले ठिगळ नीट धरत नाही. ठिगळ मध्यापासून कडांकडे दाबत बसवितात व वर शंखजिऱ्याची पूड टाकतात. दुकानांत चिमट्यात दाबून उष्णतेने ठिगळ सांधण्याची पद्धतही आहे. झडपेच्या मुळाशी असलेली फट किंवा लांब चीर ठिगळाने टिकत नाही. अशी ट्यूब बदलणे हाच उपाय होय.

पुन्हा बसविणे : ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरतीच हवा भरून ती टायरमध्ये घालतात. कड झडपेच्या समोरून चढविण्यास आरंभ करून झडपेशी शेवट करतात. शेवटी झडप आत ढकलून ट्यूब कडेखाली अडकली नसल्याची खात्री करतात. दुरुस्तीनंतर लगेच होणारी बहुतेक पंक्चरे या वेळी पट्टीने ट्यूब चिमटल्यामुळे होतात. हवा भरल्यावर टायरवरील वर्तुळाकार रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एकदा हवा सोडून पुन्हा भरल्यास ट्यूबच्या सुरकुत्या जातात. झडप तिरकी झाल्यास टायर सरकत आहे हे कळावे म्हणून तिच्यावरील चकती रिमशी घट्ट आवळीत नाहीत. दाब निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे ठेवतात. मागील चाकात तो बहुधा अधिक असतो. शेवटी आसाची चाकी, साखळीचा ताण व ब्रेक तपासतात. थोडे अंतर सावकाश चालवून दाब पुन्हा पाहिल्यावरच गाडी नेहमीच्या वेगाने चालविणे सुरक्षित असते.