नाशिक–पुणे हवाई मार्ग
नाशिक–पुणे हवाई मार्ग हा नाशिक जिल्ह्यातील ओझर येथील विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांना जोडणारा महाराष्ट्रांतर्गत हवाई मार्ग आहे. त्याची लांबी सुमारे १७० कि.मी. (९२ सागरी मैल) आहे.

अंतर
दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर, सुमारे ७३.९° पूर्व, आहेत. त्यामुळे एरवी गोलीय त्रिकोणमितीने काढावे लागणारे हे अंतर साध्या गुणाकाराने मिळते. ओझर २०.१२° उत्तर आणि लोहगाव १८.५८° उत्तर अक्षांशावर आहे. फरक १.५४ अंशांचा असून या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ कि.मी. भरतो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव व चाकणमार्गे जाणारा रस्ता मात्र सुमारे २१० कि.मी. आहे. या दोन शहरांदरम्यान थेट लोहमार्ग नाही.

उड्डाणाचा कालावधी
एटीआर ७२ हे पंखाचक्री विमान समतल उड्डाणात ताशी सुमारे ५०० कि.मी. वेग गाठते. त्या हिशेबाने हे अंतर वीस मिनिटांत कापले जावे. परंतु हा हिशेब फसवा आहे. इतक्या आखूड मार्गावर बहुतेक वेळ विमान वर चढत किंवा खाली उतरत असते व पूर्ण वेगाचा टप्पा अल्पच उरतो. शिवाय वेळापत्रकातील कालावधी हवेतला नसतो. चाकांचे अडसर काढल्यापासून गंतव्यस्थानी ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची चाल, परवानगीची प्रतीक्षा आणि उतरण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा हे सर्व त्यातच येते. लोहगाव हा भारतीय हवाई दलाचा तळ आहे, तर ओझरचा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा आहे. त्यामुळे दोन्हीकडे नागरी विमानांना लष्करी अथवा चाचणी उड्डाणांशी जुळवून घ्यावे लागते.

प्रवाशाचा वेळ याहूनही अधिक असतो. ओझर नाशिक शहरापासून सुमारे २० कि.मी. दूर आहे, आणि तपासणीसाठी तासभर तरी आधी पोहोचावे लागते. घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजल्यास चार-पाच तासांच्या रस्ता प्रवासापुढे विमानाची बचत फारशी उरत नाही. अंतर कमी असणे हीच या मार्गाची अडचण होय.

सेवा
ओझर येथील प्रवासी इमारतीचे उद्घाटन २०१४ मध्ये झाले. प्रादेशिक हवाई संपर्कासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेत एअर डेक्कनने डिसेंबर २०१७ मध्ये लहान बीचक्राफ्ट विमानांनी नाशिकहून पुणे व मुंबईसाठी सेवा सुरू केली. या योजनेत सुमारे ५०० कि.मी.च्या, म्हणजे तासाभराच्या विमान प्रवासासाठी काही आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवले होते आणि तूट अनुदानाने भरून दिली जात असे. एअर डेक्कनची उड्डाणे २०२० मध्ये थांबली. अलायन्स एअरनेही एटीआर विमानांनी हा मार्ग चालवला.

नाशिक–नागपूर मार्गाशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथील हवाई अंतर सुमारे ५४५ कि.मी., म्हणजे पुण्याच्या तिपटीहून अधिक आहे. समतल वेगाने धरल्यास हवेतला वेळ तासाभराहून थोडा जास्त येतो. विमानतळावर जाणारा वेळ मात्र दोन्ही प्रवासांत जवळपास सारखाच असतो, तर नाशिकरोड ते नागपूर हा सुमारे ६५० कि.मी.चा रेल्वे प्रवास रात्रभराचा आहे. इंडिगोने मार्च २०२३ मध्ये नाशिकहून सेवा सुरू करताना नागपूर, गोवा आणि अहमदाबाद ही शहरे निवडली.