वेबसाइटला स्वतंत्र खिडकी

टॅबच्या गर्दीत व्हॉट्सॲप वेब शोधत बसण्यापेक्षा त्याचं ॲपच करून ठेवावं. क्रोममध्ये ती साइट उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'कास्ट, सेव्ह अँड शेअर'मध्ये जा आणि 'इन्स्टॉल पेज ॲज ॲप' निवडा. झालं. हवं तर चिन्ह टास्कबारवर पिन करा. एजमध्ये हीच सोय तीन टिंबांतल्या 'ॲप्स'खाली सापडते. मॅकवर सफारीतलं 'ॲड टू डॉक' २०२३च्या सोनोमापासून आहे.

म्हणायला इन्स्टॉल, पण आत ब्राउझरच चालतो. फक्त टॅब आणि पत्त्याची पट्टी दिसत नाही. त्यामुळे डिस्कवर जागा फारशी जात नाही, पण रॅम वाचेल ही आशाही नको. इंटरनेटविना काही चालेल का, हे साइट बनवणाऱ्याने तशी तजवीज केली आहे का, यावर ठरतं.

क्रोम आणि एजमध्ये ब्राउझरचं आणि ॲपचं लॉगिन एकच असतं. एकीकडे लॉगआउट केलंत की दुसरीकडूनही बाहेर. ॲप नुसतं काढलं तर मात्र लॉगिन ब्राउझरमध्ये तसंच राहू शकतं. क्रोममध्ये अनइन्स्टॉल करताना साइटचा डेटा पुसायची एक चौकट दिसते. ऑफिसातल्या सामायिक कॉम्प्युटरवर तिथे खूण कराच.