मोठ्याने बोलेल तो खोटा

वाड्यात गाण्याची बैठक बसली आहे, तंबोरे नुकते जुळले आहेत, आणि नेमकी तेवढ्यात दारावरून बँड वाजवीत वरात निघते! लष्करी वाहनांच्या टपावर बसविलेल्या उपग्रह-दिशादर्शक यंत्रावर असा प्रसंग हल्ली वरचेवर येतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून निघालेली लहर जमिनीवर पोहोचेतो इतकी क्षीण होते की, एका वॉटचे एकावर सोळा शून्ये इतके भाग केले तर त्यांतला जेमतेम एखादा हाती लागावा. यंत्राच्या स्वतःच्या विजेच्या कुजबुजीतही ती बुडून जाते. ठरलेल्या संकेताशी ताडून पाहिल्यावाचून तिचा पत्ता लागत नाही. तिला दडपायला मोठे सामर्थ्य नको. अमेरिकेत एका ट्रकचालकाने मालकाची पाळत चुकवण्यासाठी गाडीत छोटेसे अडथळा-यंत्र ठेवले, तर नेवार्क विमानतळावरील यंत्रणा बिघडू लागली. २०१३ साली त्याच्यावर ३१,८७५ डॉलर दंडाची नोटीस निघाली. बिचाऱ्याला विमानांशी काही कर्तव्य नव्हते!

रणांगणावर मात्र हे जाणूनबुजून होते. रशियन अडथळ्यांमुळे युक्रेनमध्ये एक्सकॅलिबर तोफगोळ्यांचा नेम फार घसरला, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. रात्री दिवे मालवून जाणारी गाडी अशी चुकली, तर ती आपल्याच तोफांच्या माऱ्याखालीही जायची.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मोठा गमतीचा आहे. खरी लहर इतकी मंद, तेव्हा जे काही जोराने ऐकू येते ते शत्रूचेच असणार! मग एकाऐवजी चार किंवा सात अँटेना एका तबकडीवर मांडतात. गोंगाटाची लहर प्रत्येकीवर किंचित मागेपुढे पोहोचते. तो फरक मोजून, त्या लहरी एकमेकींवर उलट्या चढवून यंत्र त्यांना परस्पर मारते. म्हणजे तेवढ्या एका दिशेला ते स्वतःहून बहिरे होते. सात अँटेना असल्या तर जास्तीत जास्त सहा दिशांना कान बंद करता येतात. लहर १९ सेंटिमीटर लांबीची, म्हणून अँटेनांत साधारण तिच्या निम्मे अंतर ठेवतात. सातांची तबकडी त्यामुळे चांगली परातीएवढी होते. गाडीच्या टपावर तेवढी जागा मिळवण्यातच निम्मी लढाई असते. शिवाय गाडी वळली की बहिरी दिशाही लगोलग फिरवावी लागते. गोंगाट ड्रोनवरून आला तर पंचाईतच. त्या दिशेचा उपग्रहही त्याबरोबर हरवतो.

नकलाकार तर याहून बिलंदर. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील जहाजांना आपण विमानतळावर उभे आहोत असे दिसू लागले! अशा तोतयाला ओळखण्यासाठी लष्करी लहरींना गुप्त संकेताचे कुलूप असते. अमेरिकेचा एम-कोड पाठवणारा पहिला उपग्रह २००५ साली उडाला. आपल्या नाविक व्यवस्थेतही सैन्यासाठी अशी कुलूपबंद सेवा आहे.

आणि सगळेच ऐकू येईनासे झाले तर? मग गवयाने मनातल्या षड्जावर गावे, तसे गाडीतील जायरोस्कोप व चाकांचे फेरे मोजणारे यंत्र मिळून वाट धरून ठेवतात. २०१९ साली जर्मनीतील अमेरिकन सैन्याच्या स्ट्रायकर गाड्यांवर अशी जोडयंत्रे बसली. परंतु मनातला षड्जही हळूहळू सरकतो. मैलामैलाला चूक साठत जाते, आणि गोंगाट ओसरताच यंत्र पुन्हा वरचा तो मंद सूर शोधू लागते.