लिहिता येतं, वाचता येईना!

चौथीतलं पोरगं. अक्षर एकदम मोत्यासारखं. पण स्वतःच लिहिलेली ओळ वाच म्हटलं की गप्प!

दिवाळी झाली, ताई आणि दाजी ऊसतोडीला गेले आणि भाचा आमच्याकडं कुरुंद्याला राहिला. मी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पळायचं, दिवसभर अभ्यासिका, दिवेलागणीला घरी. एका संध्याकाळी सहज त्याची वही चाळली. पानंच्या पानं भरलेली, कुठं खाडाखोड नाही. म्हटलं, वा रे पठ्ठ्या! ही ओळ वाच बरं. तो खाली बघत बसला. परत विचारलं तर हळूच म्हणाला, ‘मावशी, मला लिव्हता येतं, वाचता येईना.’

मला आधी हसूच आलं. मग पोटात गोळा आला.

रांगोळी काढावी तसा तो फळ्यावरचं बघून अक्षरांची चित्रं काढत होता. पहिली-दुसरीचे निम्मे महिने उसाच्या फडावर गेलेले. पुढं वर्गात बसला तेव्हा बाकीची लेकरं धड्यावर होती, याला अजून अक्षरंच ओळखू येत नव्हती. वही सुंदर, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. आपल्याकडं वही सुंदर असली की विषय संपतो.

मी काय केलं? जे माझ्यासोबत झालं होतं तेच. दरडावलं. ‘हा शब्द दहा वेळा लिही.’ त्यानं दहा वेळा लिहिला, फार सुंदर लिहिला. वाचता दहाव्यांदाही आला नाही!

मग एका मैत्रिणीनं सांगितलं की आधी त्याला काय येतं ते तरी बघ. ‘असर’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘प्रथम’चं हे सर्वेक्षण २००५ पासून गावोगावी होतं आणि त्यातली वाचनाची चाचणी अगदी साधी आहे. एका कागदावर काही अक्षरं, काही शब्द, चार सोप्या वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. लेकरू कुठपर्यंत पोचतं ते पाच मिनिटांत कळतं. माझा भाचा अक्षरांवर अडकला. त्यातही घ-ध, भ-म, प-ष यांचा गोंधळ.

तो एकटा नाही. ‘असर २०२४’ नुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना येत नाही.

आता गंमत बघा. आपली बाराखडी म्हणजे छत्तीसेक व्यंजनं गुणिले बारा. चारशेच्या वर चिन्हं झाली! ती सगळी पाठ झाल्यावर वाचायला लागायचं म्हटलं, तर त्या लेकराला वाचनातली मजा कळणार कधी? फलटणला मॅक्सिन बर्नसन नावाच्या बाईंनी यावर फार काम केलं. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ. फलटणची मराठी हाच त्यांच्या पीएचडीचा विषय. पुढं त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या पद्धतीत अक्षरं गटागटानं येतात. थोडीच अक्षरं, सोबत एखादी मात्रा आणि लगेच त्यांचे खरे शब्द.

मी घरी तेच करून बघितलं. न, म, क, ल आणि काना. एवढ्यात काय काय होतं? मामा, काका, नाक, कान, काम, लाल, माल, कमाल! पहिल्याच संध्याकाळी त्यानं ‘मामा’ वाचलं आणि आतल्या खोलीत खऱ्या मामाला सांगायला पळाला. पुढच्या गटात ह आणि ळ घेतले, कारण आमच्या वसमत तालुक्यात लेकराला ‘हळद’ वाचायला ‘हरिणा’पेक्षा जास्त आवडते. हरिण त्यानं पाहिलंय कुठं?

शेजारची दोन लेकरंही यायला लागली. मग मी लिहिण्याचं वेगळं सुरू केलं. फळ्यावरचं उतरवायचं नाही. ते बोलणार, मी तसंच लिहिणार, मग आम्ही मिळून वाचणार. सहावीतली पोरगी जुलै २०२२ च्या पुराचं सांगायला लागली. गावात पाणी शिरलं ते दिवस आम्ही कुणीच विसरलेलो नाही. ती बोलत गेली आणि मी अर्धं पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच पान तिनं बोट ठेवून वाचलं. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर अडखळणारी ती हीच पोरगी! शब्द तिचे होते, म्हणून पुढं काय येणार ते तिला माहीत होतं. मी ‘पाणी आले’ लिहिलं तर म्हणाली, ‘ताई, मी असं नव्हते म्हणले, पाणी आलं म्हणले.’ खोडून ‘आलं’ केलं. पुस्तकातलं ‘आले’ नंतर शिकता येईल.

शिक्षकांचं काम आपण कसं करणार, असं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण २००१ च्या सुमारास मुंबई आणि वडोदऱ्याच्या सरकारी शाळांमध्ये ‘बालसखी’ हा उपक्रम झाला. मागं पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली रोज दोन तास शिकवायच्या. पदवी-बिदवी नाही, शाळेचं शिक्षण झालेल्या साध्या मुली. मुलं खरंच पुढं गेली. हे मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले.

पण शिक्षकांना वगळून काही करू नका. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले तेव्हा वाटलं, हाकलून देतील. उलट त्यांनी ग्रंथालयाचं कपाट उघडून दिलं. सरकारचं ‘निपुण भारत’ २०२१ पासून सुरू आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट, मुदत २०२६-२७. म्हणजे शिक्षकांच्याही डोक्यावर ते ओझं आहेच. कुणी रोज तासभर तीन लेकरं घेऊन बसलं तर त्यांना हवंच असतं. फक्त ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. एक दिवस येऊन वह्या वाटायच्या, रील काढायची आणि गायब व्हायचं, अशी माणसं त्यांनी भरपूर पाहिलेली असतात. पुस्तकं कमी पडली तर ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत, मोबाइलवर उघडतात.

सगळं छान झालं असंही नाही. शेजारचा मुलगा दोन आठवड्यांनी यायचा बंद झाला. हळद काढणीचा हंगाम सुरू झाला, घरचे सगळे शेतात, धाकटी बहीण सांभाळायला हाच. मी दोनदा घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. माझी भरतीची तारीख आली की मलाही खंड पडणार. जोडाक्षरं आली की भाचा आजही पुस्तक बाजूला ठेवतो.

मागच्या आठवड्यात त्यानं मात्र वहीचं पान फाडून स्वतःहून तीन ओळी लिहिल्या. अक्षर पहिल्यांदाच वेडंवाकडं, दोन ठिकाणी खोडलेलं. ‘आई हळद सिजली. कढई मोटी आहे. तू कधी येनार.’ मी फोटो काढून दाजींच्या मोबाइलवर पाठवला. रात्री ताईचा फोन आला. दाजींनी वाचून दाखवलं म्हणाली, मग म्हणाली, ‘त्याला दे.’ त्यानं फोन घेतला आणि तीच चिठ्ठी तिला परत वाचून दाखवली.