आर्ट स्टुडिओत इंटर्न घ्यायचे का? मावळातल्या स्टुडिओवाल्यांसाठी थोडा हिशोब, थोड्या हद्दी

छोट्या क्लासची फी कशी ठरवायची, या व्हिडिओखाली तळेगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातून साधारण एकच प्रश्न आला. "आमचा चित्रकलेचा स्टुडिओ आहे. गावातली मुलं येतात, सोसायटीतली येतात. आता पुण्याहून सायकॉलॉजीच्या मुली आर्ट थेरपीची इंटर्नशिप करायला यायचं म्हणतायत. घेऊ का? आणि बोर्डवर 'आर्ट थेरपी' लिहू का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. इंटर्न घ्या, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या जाणकार माणसाचे पैसे देता येत असतील तरच घ्या. आणि बोर्डवर 'थेरपी' लिहू नका.

लोणावळ्याच्या लोकांना हा फरक समजावून सांगायची खरं तर गरज नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम सुरू केलं. योग शिकवणारे घडवायचं काम तिथे वेगळं चालतं आणि आजारासाठी योगोपचार घ्यायला येणाऱ्यांची व्यवस्था वेगळी. आसन तेच असतं, पण शिकवणं निराळं आणि उपचार निराळा. चित्राचंही तसंच आहे. कागद तोच, रंग तेच. समोर बसलेला माणूस कशासाठी आलाय आणि तुम्ही त्याला काय कबूल केलंय, यावर सगळं ठरतं.

गंमत म्हणजे ही थेरपी शिक्षकांच्या जवळूनच निघालीय. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार. क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये पडून असताना त्यांनी चित्रं काढली, मग शेजारच्या पेशंटना काढायला लावली, आणि १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द वापरात आणला. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी १९१४ मध्ये न्यूयॉर्कला मुलांची शाळा काढली होती, थेरपीकडे त्या नंतर वळल्या. एडिथ क्रेमर १९५० पासून विल्टविक या मुलांच्या शाळेत चित्रं काढून घ्यायच्या. दोघींचं पटत नव्हतं बरं का! नॉमबर्ग यांच्या मते चित्र म्हणजे मनातलं बोलायला मिळालेलं दार. क्रेमर म्हणायच्या की चित्र घडवण्यातच माणसाला सावरायची ताकद आहे. तुमच्या स्टुडिओला क्रेमर जवळच्या वाटतील. पण त्यासुद्धा अनुभवी आणि शिकलेल्या होत्या, तीन महिन्यांच्या इंटर्न नव्हत्या.

आता बोर्डाचं. इंग्लंडमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावणं गुन्हा आहे. आपल्याकडे २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, आणि त्याच्या यादीत आर्ट, डान्स आणि मूव्हमेंट थेरपिस्टचा उल्लेख आहे. वारा कुठल्या दिशेला वाहतोय ते दिसतंय. आज रंगवलेला बोर्ड उद्या खाली उतरवायची वेळ कशाला आणायची? पुण्यातच वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशन 'आर्ट्स-बेस्ड थेरपी'चं रीतसर प्रशिक्षण देते, आणि ते शिकलेले लोकसुद्धा स्वतःला 'प्रॅक्टिशनर' म्हणवतात. शब्द किती जपून वापरायचा, ते यावरून कळेल. तुम्ही सरळ लिहा: 'मुक्त चित्रकला वर्ग, वय ८ ते १४'.

एकाच टेबलावर दोघं नकोत

पालक येतात ते बहुतेक वेळा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी. शासकीय रेखाकला परीक्षा, दहावीला त्याचे वाढीव गुण. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इथे एटीडी झालेले सरच लागतात. मुलाचा तांब्या वाकडा आला तर सरांनी "खोड आणि परत काढ" म्हणायचंच आहे. त्यासाठीच फी घेतलीय.

मुक्त वर्गात नेमकं हेच वाक्य नुकसान करतं. तिथे मुलगी घर काळं करून टाकते, खिडक्या काढतच नाही. सर सवयीने म्हणणार, "अगं, खिडकी कुठंय?" आणि नवीन इंटर्न पुस्तकातलं आठवून मनात म्हणणार, "काळं घर, म्हणजे डिप्रेशन." दोघंही चुकतात. तिच्याकडे कदाचित फक्त काळा खडू उरला असेल. मावळात जुलैत चार वाजता घर काळंच दिसतं, हेही विसरू नका. एका चित्रावरून निदान होत नसतं. इंटर्नने विचारायचं ते इतकंच: "या घराबद्दल सांगशील?" ती नाही म्हणाली तर विषय संपला.

म्हणून बॅच वेगळ्या ठेवा. परीक्षेच्या बॅचमध्ये सर, तिथे इंटर्नचं काम नाही. मुक्त वर्गात सरांनी साहित्य आणि तंत्र बघायचं, ब्रश कसा धुवायचा, माती कशी मळायची. इंटर्नने मुलांबरोबर बसायचं आणि वर्गानंतर नोंद लिहायची. माझी एक साधी सूचना असते: मुक्त वर्गाच्या टेबलावर खोडरबर ठेवूच नका. सरांनाही आपोआप आठवण राहते.

आणि इंटर्न म्हणजे फुकटचा हेल्पर नाही. कागद कापायला, गर्दीच्या बॅचमध्ये मुलं सांभाळायला आणि रील काढायला तिला वापरायचं असेल, तर जाहिरात 'असिस्टंट पाहिजे' अशी द्या आणि पगार द्या.

हिशोब मांडून बघू

आकडे समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. समजा वडगावात २४ मुलं आहेत, १२-१२ च्या दोन बॅच, फी महिना १,२०० रुपये. जमा २८,८०० रुपये. महिन्याला १६ सेशन, सरांचं मानधन सेशनला ७०० रुपये, म्हणजे ११,२००. भाडं ७,०००. साहित्य मुलामागे १२०, म्हणजे २,८८०. लाईटबिल आणि किरकोळ १,५००. उरले ६,२२०.

आता दोन इंटर्न घेतल्या. प्रत्येकीला लोकल, रिक्षा आणि चहापाण्याचे महिना १,०००, म्हणजे २,०००. पुण्याहून सुपरवायझर महिन्यातून दोन तास, तासाला १,५०० धरले तर ३,०००. हातात राहिले १,२२०. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही.

इथेच मन डळमळतं. सुपरवायझरचे ३,००० वाचवले तर उरलेली रक्कम तिपटीच्या पुढे जाते ना? म्हणून बहुतेक ठिकाणी पहिली कात्री तिथेच लागते. पण सुपरवायझरशिवाय इंटर्न म्हणजे लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात घाटात गाडी. सुपरवायझर कोण चालेल? आर्ट थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, नाहीतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. इंटर्नच्या कॉलेजला स्पष्ट विचारा की सुपरव्हिजन तुम्ही देणार का. कॉलेज देत असेल तर उत्तम, पण ते पत्रावर लिहून घ्या.

पावसाळा वेगळा धरा. जुलैत सहा मुलं थांबली तर ७,२०० गेले, साहित्याचे ७२० वाचले, म्हणजे महिना ५,२६० रुपये तोट्यात. शिवाय हवेतल्या ओलीने कागद फुगतो, पोस्टर कलर वाळत नाही, कपाटातल्या ड्रॉइंगशीटवर बुरशी येते. जून ते सप्टेंबरची फी एकदम घ्या, थोडी सवलत देऊन. या महिन्यांत मातीकाम आणि कोलाज जास्त ठेवा. वीकेंडला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन तासांचं वर्कशॉप घेता येतं, लोणावळा-खंडाळ्याच्या निवासी शाळांशी बोलता येतं. तिथे फक्त सर न्या. एका दिवसासाठी आलेल्या मुलासमोर इंटर्न बसवण्यात अर्थ नाही.

कागदपत्रांची धास्ती नको. दहापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. फक्त सेवा देत असाल, तर वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

मूल काही बोललं तर

हा भाग सगळ्यांनी वाचा, सरांनाही वाचून दाखवा. रंगवता रंगवता मूल घरातलं काहीतरी सांगून जातं. कधी आई-बाबांचं भांडण, कधी त्याहून वाईट. खोदून खोदून विचारायचं नाही. "कोणाला सांगणार नाही" असं वचनही द्यायचं नाही. मुलाचेच शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं. एवढं सर आणि इंटर्न दोघांच्या करारपत्रात हवं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, सरांवर आहे आणि इंटर्नवरही आहे. "सुपरवायझर गुरुवारी येतील, तेव्हा बघू" चालत नाही. चाइल्डलाइन १०९८ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर.

इन्स्टाग्रामचंही तसंच. परीक्षेच्या बॅचमधली छान चित्रं पालकांची लेखी परवानगी घेऊन टाका, हरकत नाही. डिजिटल माहितीबद्दलचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो. मुक्त वर्गातलं चित्र मात्र परवानगी असली तरी टाकू नका. ते दाखवण्यासाठी काढलेलं नव्हतं. इंटर्नला कॉलेजच्या रिपोर्टसाठी चित्र हवं असेल, तर नाव आणि गाव काढून, मुलाला विचारून, पालकांची सही घेऊन.

राहिला इंटर्नचा शेवटचा दिवस. तीन महिने शेजारी बसणारी ताई एका सोमवारी येतच नाही, हे मुलाला लागतं. तारीख पहिल्याच आठवड्यात सांगा, शेवटच्या तीन वर्गांत परत परत सांगा. त्या दिवशी प्रत्येक मुलाची फाईल काढून टेबलावर ठेवा. कुठलं चित्र घरी न्यायचं, कुठलं स्टुडिओत ठेवायचं आणि कुठलं फाडून टाकायचं, हे मूल ठरवेल. फाडलं तर फाडू द्या, इंटर्नच्या रिपोर्टला ते कितीही उपयोगी असलं तरी.