छायाचित्रदालन, महाजालावरील
छायाचित्रांचा संग्रह विषयवार लावून तो महाजालावर पाहण्यास खुला करणारी संगणकीय आज्ञावली व तिच्या साहाय्याने उभारलेले संकेतस्थळ यांस छायाचित्रदालन म्हणतात. व्यापारी सेवेत छायाचित्रे सेवा देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर राहतात व अटी ठरविण्याचा अधिकार त्या संस्थेकडे असतो. उदा., फ्लिकर या सेवेने २०१८ मध्ये विनामूल्य खात्यांसाठी १,००० छायाचित्रांची मर्यादा जाहीर केली. मुक्तस्रोत आज्ञावली मात्र संग्राहकास स्वतःच्या वा भाड्याच्या सर्व्हरवर बसविता येते. तिची मूळ संहिता खुली असल्याने ती अभ्यासण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा असते.

इतिहास : आरंभीच्या अशा आज्ञावल्यांत भरत मेदिरत्ता यांनी सुरू केलेली ‘गॅलरी’ विशेष प्रसिद्ध होती. तिच्या मूळ गटाने २०१४ मध्ये विकासकार्य थांबविले. फ्रान्समधील पिएरिक ल गाल यांनी २००२ मध्ये ‘पीएचपी वेबगॅलरी’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. २००९ मध्ये तिचे नाव ‘पिविगो’ असे झाले. ती ग्नू सार्वजनिक परवान्याखाली वितरित होते.

रचना : पिविगोचे तीन घटक आहेत : छायाचित्रांच्या फाइली, त्यांची माहिती साठविणारा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी डेटाबेस आणि पीएचपी भाषेतील आज्ञावली. शीर्षके, वर्णने, अल्बमांची रचना व पाहण्याचे अधिकार यांची नोंद डेटाबेसमध्ये असते. मूळ फाइल कायम ठेवून तिच्या लहान आकाराच्या प्रती तयार केल्या जातात. त्यामुळे पृष्ठ लवकर उघडते. एकच छायाचित्र, त्याची दुसरी प्रत न करता, अनेक अल्बमांत दाखविता येते.

उभारणी : प्रथम सर्व्हरवर रिकामा डेटाबेस व त्याचा वापरकर्ता तयार करतात. नंतर आज्ञावलीच्या फाइली सर्व्हरवर चढवून तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडतात. समोर येणाऱ्या अर्जात डेटाबेसचे नाव, वापरकर्ता व पासवर्ड आणि व्यवस्थापकाच्या खात्याचा तपशील भरला की स्थापना पूर्ण होते. छायाचित्रे ब्राउझरमधून चढविता येतात किंवा ‘गॅलरीज’ या फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसशी जुळवून घेता येतात. दुसऱ्या पद्धतीत फोल्डरांची रचना हीच अल्बमांची रचना बनते.

अनुकूलन : दालनाचे बाह्य रूप ‘थीम’ बदलून पालटता येते, तर नव्या सोयी ‘प्लगइन’ जोडून मिळविता येतात. स्वतःचे बदल मूळ फाइलींत न करता ‘लोकल’ या फोल्डरमध्ये वेगळे लिहावेत, हा येथील महत्त्वाचा नियम होय. मूळ फाइलींत केलेले बदल पुढील आवृत्ती बसविताना पुसले जातात. कौटुंबिक संग्रहाचे अल्बम खासगी ठेवून ठरावीक व्यक्तींना वा गटांनाच ते पाहण्याची परवानगी देता येते.

जतन व दक्षता : स्वतःचे दालन उभारले म्हणजे संग्रह सुरक्षित झाला, असे नाही. केवळ फाइलींची प्रत ठेवली, तर छायाचित्रे वाचतात. परंतु त्यांतील माणसे कोण व प्रसंग कोणता, ही डेटाबेसमधील माहिती नष्ट होते. म्हणून फाइली व डेटाबेस या दोहोंच्या प्रती नियमितपणे अन्यत्र ठेवणे आवश्यक असते. महत्त्वाची वर्णने आयपीटीसी पद्धतीने फाइलीतच नोंदविल्यास ती दुसऱ्या आज्ञावलीलाही वाचता येतात. भ्रमणध्वनीने टिपलेल्या चित्राच्या एक्झिफ नोंदीत स्थळाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. मूळ फाइल खुली करण्यापूर्वी ते तपासावेत. सुरक्षेतील उणिवा दूर करणाऱ्या नव्या आवृत्त्या बसविण्याची जबाबदारीही चालकाचीच असते. ‘गॅलरी’च्या उदाहरणावरून दिसते, की खुला परवाना आज्ञावली वापरण्याचा हक्क टिकवितो, ती सांभाळणारी माणसे मिळतीलच, याची हमी तो देत नाही. त्यामुळे आज्ञावली बदलली तरी ओळखीसह छायाचित्रे हाती राहतील, अशी मांडणी प्रारंभापासून करणे श्रेयस्कर ठरते.