चौकट : आडवी बाटली आणि त्यापुढे

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना मिळतात. शेजारच्या गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे 1960 पासून दारूबंदी. त्यामुळे तिकडे निघालेली चोरटी दारू याच रस्त्यांवर वारंवार पकडली जाते. एका राज्याची बंदी सीमेवर अशी अडखळते.

महाराष्ट्राने निर्णय गावाच्या हाती दिला. 2008च्या नियमांनुसार 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं आणि मतपत्रिकेवरची बंदीची खूण, म्हणजे ‘आडवी बाटली’, जिंकली की दुकान बंद. जळगाव-धुळ्याच्या बायांसाठी हे मोठं हत्यार आहे. पण शिवारातल्या हातभट्टीला मुळात परवानाच नसतो. तिथे हे मत पोचत नाही, पोलिसांनाच जावं लागतं.

इतर देशांचे मार्ग वेगळे आहेत. स्वीडनमध्ये कडक दारू विकत मिळते ती जवळपास फक्त सरकारी दुकानांत, रविवारी तीही बंद. स्कॉटलंडने 2018 मध्ये दारूला किमान दर लावला. त्यामुळे मृत्यू घटल्याचा निष्कर्ष तिथल्या आरोग्य यंत्रणेने 2023 मध्ये काढला. वाहनचालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात मद्यार्काची मर्यादा स्वीडनमध्ये 20 मिलिग्रॅम, भारतात 30, इंग्लंडमध्ये 80. कायदा आपलाही कडक आहे, कमी पडते ती तपासणी. आणि उपचार.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्याला शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या किंवा आधी 14446 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला.